कण्णगीच्या नावाने नेमकं कोण कुठे जातं? महाकाव्य आणि पर्यटन या विषयावर काम करणाऱ्यांसाठी

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आजचा लेख एका क्रियापदाबद्दल आहे. "अमुक महाकाव्यामुळे धार्मिक व सांस्कृतिक पर्यटनास चालना मिळते" असं वाक्य आपल्याकडच्या बऱ्याच आराखड्यांत असतं. विषय चांगला आहे. साधनं भरपूर आहेत आणि इतिहास, साहित्य, समाजशास्त्र अशा तिन्ही बाजूंनी त्याला हात घालता येतो. पण "चालना मिळते" म्हणजे काय होतं? कोण देतं ती चालना? पुस्तक? पुजारी? सरकार? हे न सुटता गृहीतक लिहिलं की पुढची चार वर्षं आपण फक्त उदाहरणं गोळा करत बसतो.

म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि ते नीट उलगडू. तमिळ महाकाव्य शिलप्पदिकारम.

गोष्ट थोडक्यात अशी. पुहार या चोळांच्या बंदरातला व्यापारीपुत्र कोवलन माधवी नावाच्या नर्तकीच्या नादाने सगळी संपत्ती घालवतो आणि शेवटी पत्नी कण्णगीकडे परत येतो. तिच्याजवळ उरलेली असते पैंजणांची जोडी. ते आतून पोकळ, आत रत्नं भरलेले. ('शिलंबु' म्हणजे असे पैंजण, त्यावरूनच काव्याचं नाव.) त्यातलं एक विकून नव्याने सुरुवात करायला दोघं चालत पांड्यांच्या मदुरैला जातात. तिथल्या सोनाराने राणीचं पैंजण आधीच चोरलेलं असतं, तो आळ कोवलनवर ढकलतो आणि राजा चौकशी न करता त्याला मारायचा हुकूम देतो. कण्णगी दरबारात येऊन आपलं दुसरं पैंजण फोडून दाखवते. राणीच्या पैंजणात मोती होते, हिच्यातून माणकं पडतात. राजा जागीच प्राण सोडतो. कण्णगी आपला स्तन उपटून नगरावर फेकते आणि मदुरै जळते. मग ती पश्चिमेला चेरांच्या डोंगरात जाते आणि तिथून स्वर्गाला. चेर राजा सेंगुट्टुवन हिमालयातून शिळा आणून तिची मूर्ती स्थापतो.

आता या काव्याची रचना बघा. तीन कांडं आहेत: पुहार, मदुरै, वंजी. म्हणजे चोळ, पांड्य आणि चेर या तिघांच्या राजधान्या. कवी म्हणून परंपरेने नाव येतं इळंगो अडिगळ यांचं, ते सेंगुट्टुवनाचे धाकटे भाऊ आणि जैन मुनी होते असं सांगतात. मधला प्रवास कावेरीच्या काठाने होतो, सोबतीला कवुंदी ही जैन साध्वी. वाटेत भेटलेला एक ब्राह्मण श्रीरंगम आणि वेंकटम इथल्या विष्णूचं वर्णन करतो. एवढ्यावर न थांबता, पुढे मदुरैला जायला त्रिशूळासारख्या तीन वाटा फुटतात, कुठल्या वाटेला काय लागतं, कुठे जपून जायचं, तेही सांगतो. आजच्या पर्यटन महामंडळाला आयता नकाशा! तेव्हा हे काव्य पर्यटनाला 'चालना' देणारच असं वाटणं साहजिक आहे.

मग तो नकाशा कोणी खरोखर वापरला का?

वापरला, आणि तो सरकारने. इथे तारखा महत्त्वाच्या आहेत. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी हस्तलिखितं जमवून, जुन्या टीकेसह शिलप्पदिकारम छापलं ते १८९२ साली. त्यामुळे आधुनिक वाचकवर्गाच्या हातात संपूर्ण काव्य आलं. पुढे तमिळ अस्मितेच्या राजकारणाने ते उचललं, कारण तिन्ही तमिळ राज्यांना एका कथेत गुंफणारं दुसरं पुस्तक नव्हतं. म. पो. शिवज्ञानम यांनी गावोगाव त्यावर भाषणं दिली, लोक त्यांना 'शिलंबु सेल्वर'च म्हणू लागले. १९६४ साली करुणानिधींनी लिहिलेला 'पूम्पुहार' हा चित्रपट आला. जानेवारी १९६८ मध्ये मद्रासला दुसरी जागतिक तमिळ परिषद भरली तेव्हा मरीना किनाऱ्यावर हातात पैंजण घेतलेली कण्णगी उभी राहिली. आणि १९७३ साली, करुणानिधी मुख्यमंत्री असताना, कावेरी समुद्राला मिळते त्या पूम्पुहारला सात मजली शिलप्पदिकार कलादालन झालं, भिंतींवर काव्यातले प्रसंग कोरलेले.

तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख बघायला आपल्यापैकी बरेच जण जातात. तिथून आणखी पूर्वेला, किनाऱ्यापर्यंत गेलात की पूम्पुहार लागतं. हा मुलूख तंजावरच्या मराठी राज्यातलाच. २०२० पासून तो मयिलाडुदुरै जिल्ह्यात येतो. पुरातत्त्वाच्या दृष्टीने जागा पोकळ नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला साठच्या दशकात कीळैयूर इथे विटांचा धक्का मिळाला, पल्लवनेश्वरम इथे बौद्ध विहार मिळाला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने इथल्या समुद्रतळाचाही शोध घेतला आहे. काव्यातलं बंदर सगळं कल्पनेतलं नाही, एवढं नक्की.

पण पूम्पुहारला कलादालन आहे, देवस्थान नाही. तिथे कोणी नारळ फोडत नाही, नवस बोलत नाही. बुद्धिवादी चळवळीतून आलेल्या सरकारने उभी केलेली ही कण्णगी न्याय मागणारी तमिळ स्त्री आहे. तिथे येतात ते शाळेच्या सहली, साहित्याचे अभ्यासक, किनाऱ्यावर सुट्टी घालवणारी कुटुंबं. ही झाली सांस्कृतिक पर्यटनाची बाजू, आणि ती सरकारच्या मर्जीवर किती उभी असते ते मरीनावरच्या पुतळ्याने दाखवलं: डिसेंबर २००१ मध्ये तो हलवला गेला आणि २००६ साली सत्ता बदलल्यावर परत बसवला. 'पूम्पुहार' हे नाव मात्र टिकलं. तमिळनाडूच्या हस्तकला महामंडळाची दुकानं त्याच नावाने चालतात.

गर्दी बघायची असेल तर केरळात चला.

तिरुवनंतपुरमला आट्टुकाल भगवतीचं देऊळ आहे. मदुरै जाळून कण्णगी कोडुंगल्लूरकडे निघाली तेव्हा वाटेत इथे थांबली, अशी श्रद्धा. कुंभ महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहा दिवसांचा उत्सव असतो आणि नवव्या दिवशी पोंगाला. बायका रस्त्यारस्त्यांवर तीन विटांची चूल मांडून देवीसाठी तांदूळ-गुळाचा नैवेद्य शिजवतात. १९९७ साली १५ लाख आणि २००९ साली २५ लाख स्त्रिया जमल्याची नोंद गिनीज बुकात आहे. देवळापासून कित्येक किलोमीटर चुली पसरतात. (उत्सव संपल्यावर त्या विटा महापालिका गोळा करते आणि गरिबांच्या घरकुलांसाठी वापरते. हा एक वेगळाच प्रबंधविषय आहे, कोणीतरी घ्या.)

या उत्सवात रोज 'तोट्टमपाट्टु' गायलं जातं, देवीची कथा सांगणारं गाणं. चुली कधी पेटतात? त्या गाण्यात पांड्य राजाचा वध येतो तेव्हा. वाद्यं वाजतात, बायका कुरवा घालतात, देवळातली चूल पेटते आणि तोच विस्तव चुलीमागून चुलीला जातो.

इथे थांबून विचार करा. या लाखो बायका शिलप्पदिकारम वाचून आलेल्या नाहीत. काव्याची भाषा जुनी तमिळ, गाणं मल्याळम परंपरेतलं. काव्यात पांड्य राजा पश्चात्तापाने स्वतःच प्राण सोडतो, तर गाण्यात त्याचा वध होतो. कथेचा सांगाडा एक, पण तिला बळ देणारी परंपरा निराळी. आपल्याकडच्या वारीवरून हे लगेच समजेल: दिंडीत चालणाऱ्याच्या गळ्यात अभंग असतो, त्याने गाथेची छापील प्रत उघडलेली असो वा नसो.

श्रीलंकेत तर कथा आणखी दूर जाते. तिथे कण्णगी पत्तिनी होते. सिंहली बौद्ध तिला पूजतात आणि पूर्व किनाऱ्यावरचे तमिळ हिंदू कण्णकी अम्मन म्हणून पूजतात. सिंहली विधिनाट्यात तिचा नवरा पालंग मरतो आणि ती त्याला पुन्हा उठवते. कँडीच्या एसळ पेरहेरात पत्तिनी देवालयाची मिरवणूक असते, जगभरचे पर्यटक ती बघतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या कानावर इळंगोचं नावही गेलेलं नसतं. गणनाथ ओबेयसेकरे यांचा पत्तिनी पंथावरचा १९८४ चा ग्रंथ या विषयात टाळून चालणार नाही. काव्यात कण्णगीच्या प्रतिष्ठेला लंकेचा राजा गजबाहू हजर असल्याचं येतं आणि त्या एका उल्लेखावर काव्याचा काळ इसवी सनाचं दुसरं शतक ठरवण्याची जुनी पद्धत होती. ओबेयसेकरे हा पुरावा मानत नाहीत. अनेक अभ्यासक काव्य पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास नेतात. "दोन हजार वर्षांपूर्वीचे महाकाव्य" असं माहितीपत्रकातून उचलून लिहू नका, व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येईल.

तर माझं म्हणणं असं: छापील महाकाव्याने सरकारला नकाशा दिला, नावं दिली, पुतळा दिला. माणसं आणली ती गाण्याने आणि विधीने. ही दोन वेगळी कारणं आहेत आणि 'महाकाव्यामुळे चालना' या वाक्यात ती एकमेकांत मिसळून जातात.

आणि नकाशासुद्धा सगळे आपल्या सोयीने वापरतात. मदुरैत मीनाक्षीच्या दर्शनाला रीघ लागलेली असते, पण आपलं शहर जाळणाऱ्या बाईची जाहिरात ते शहर कशाला करेल? वंजी कुठलं, हाच वाद आहे: तमिळनाडूतलं करूर की केरळातला कोडुंगल्लूर परिसर? कोडुंगल्लूरची भगवती म्हणजेच कण्णगी असं तिथली श्रद्धा सांगते, तरी केरळ सरकारने त्या भागात मोठा वारसा प्रकल्प उभारला तो मुझिरिसच्या, म्हणजे रोमन व्यापाराच्या बंदराच्या नावावर. महाकाव्य हाताशी असूनही सरकारने दुसरीच गोष्ट निवडली. 'का निवडली नाही' हा प्रश्न 'का निवडली' इतकाच संशोधनाचा आहे.

सगळ्यात अवघड जागा मंगलादेवी. केरळ-तमिळनाडू सीमेवर, पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात, १३०० मीटरहून उंच डोंगरावर कण्णगीचं पडकं दगडी देऊळ आहे. वर्षातून एकदाच, चित्रा पौर्णिमेला, ते भाविकांसाठी उघडतं. कुमिळीहून जीपने किंवा तमिळनाडूच्या बाजूने पळियंकुडीतून पायी. देऊळ नेमकं कोणत्या राज्यात, यावर जुना तंटा आहे, त्यामुळे इडुक्की आणि तेनी या दोन्ही जिल्ह्यांचे कलेक्टर आधी एकत्र बैठक घेतात. तमिळ भाविकांची मागणी आहे की जास्त दिवस उघडा. वनखात्याच्या दृष्टीने एक दिवसही जास्तच. इथे 'पर्यटनास चालना मिळावी' अशी शिफारस प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात टाकणं म्हणजे एका बाजूने साक्ष देणं आहे. ती द्यायची असेल तर जरूर द्या, पण वाघ, आदिवासी आणि सीमा या तिघांचा विचार करून द्या.

मोजमापाचं काय? आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार नेहमीच्या परिसराबाहेर वर्षभराच्या आत जाऊन येणारा तो पर्यटक, त्याच दिवशी परतणारा तो सहलीचा पाहुणा. आट्टुकालला शेजारच्या तालुक्यातून एसटीने येऊन बहिणीकडे उतरलेली बाई यात कुठे बसते? हॉटेलच्या रजिस्टरात ती नाही. गिनीजचा आकडा जमलेल्या स्त्रियांचा आहे, पर्यटकांचा नाही. म्हणून कुठलाही आकडा उचलताना तो कोणी, कशासाठी मोजला हे शेजारीच लिहा.

प्राथमिक साधनांबद्दल एवढंच: काव्याचे इंग्रजी अनुवाद मिळतात, व्ही. आर. रामचंद्र दीक्षितरांचा १९३९ चा आणि आर. पार्थसारथींचा १९९३ चा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, प्रस्तावना सोडू नका. गाण्यांसाठी मात्र तमिळ किंवा मल्याळम जाणणारं माणूस सोबत लागेल. मंगलादेवीला क्षेत्रभेट ठरवत असाल तर चित्रा पौर्णिमा एप्रिल-मेमध्ये येते, दुपारनंतर वर सोडत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना खाली उतरवतात. तेव्हा कोर्सवर्कच्या परीक्षेची तारीख आधी बघा, नाहीतर थेट पुढच्या वर्षी.