वॉलेस चॅन
वॉलेस चॅन (जन्म: १९५६, फूचौ, चीन) हे हाँगकाँग येथील रत्नशिल्पी, शिल्पकार व दागिन्यांचे रचनाकार आहेत. पारदर्शक रत्नांच्या कोरीवकामाची 'वॉलेस कट' ही पद्धत आणि जडावाच्या दागिन्यांत टायटॅनियमचा वापर यांसाठी ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन
चॅन पाच वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब हाँगकाँगला स्थायिक झाले. गरिबीमुळे तेराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. १९७३ मध्ये त्यांनी रत्ने कोरण्याच्या व्यवसायात उमेदवारी सुरू केली आणि पुढील वर्षी स्वतःची छोटी कार्यशाळा काढली. कलाशाळेत शिकण्याची संधी नसल्याने पाश्चात्त्य शिल्पकलेचा अभ्यास त्यांनी ख्रिस्ती दफनभूमीतील मूर्ती पाहून केला.

वॉलेस कट
ही पद्धत त्यांनी १९८७ मध्ये विकसित केली. एकाच छायाचित्रात अनेक प्रतिमा उमटवण्याच्या तंत्रावरून तिची कल्पना सुचली. यात रत्नाच्या मागील बाजूने आकृती खोल कोरली जाते. त्यामुळे डावे-उजवे आणि उंच-खोल या सर्व गोष्टी उलट्या कराव्या लागतात. पैलूंमधील परावर्तनामुळे कोरलेला एकच चेहरा समोरून अनेक चेहऱ्यांसारखा दिसतो. या कामासाठी त्यांनी दंतवैद्यकातील ड्रिलमध्ये बदल केले. घर्षणाच्या उष्णतेने रत्न खराब होऊ नये म्हणून कोरीवकाम पाण्याखाली केले जाते. पाण्यात नीट दिसत नसल्याने रत्न वारंवार बाहेर काढून, पुसून तपासावे लागते.

टायटॅनियम व पोर्सिलेन
बौद्ध विचारांचा चॅन यांच्यावर खोल प्रभाव आहे. २००१ च्या सुमारास संपत्तीचा त्याग करून ते सुमारे सहा महिने भिक्षू म्हणून राहिले. परतल्यावर मौल्यवान रत्ने परवडत नसल्याने ते तांबे, पोलाद व काँक्रीट यांतून शिल्पे घडवू लागले. त्यानंतर त्यांचे लक्ष टायटॅनियमकडे वळले. हा धातू सोन्याच्या सुमारे एक चतुर्थांश घनतेचा असल्याने मोठा दागिनाही हलका राहतो, तसेच विद्युत्प्रक्रियेने त्याच्या पृष्ठभागावर विविध रंग आणता येतात. मात्र तो कठीण असून सुमारे १,६६८ अंश सेल्सिअस तापमानाला वितळतो. त्यामुळे सोन्याच्या कामातील नेहमीची तंत्रे त्याला लागू पडत नाहीत. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर २००७ मध्ये त्यांनी टायटॅनियमचे दागिने बासेलच्या मेळ्यात मांडले.

२०१८ मध्ये त्यांनी स्वतः विकसित केलेले पोर्सिलेन सादर केले. बालपणी घरातील पोर्सिलेनचे चमचे फुटण्याच्या भीतीने मुलांना दिले जात नसत. न फुटणाऱ्या पोर्सिलेनचा ध्यास त्या आठवणीतून आल्याचे ते सांगतात.

प्रमुख कामे व प्रदर्शने
'अ हेरिटेज इन ब्लूम' (२०१५) हा कंठहार ५०७.५५ कॅरटच्या कच्च्या हिऱ्यापासून पाडलेल्या २४ हिऱ्यांभोवती रचला आहे. त्यास सुमारे ४७,००० तास लागले. २०१२ मध्ये पॅरिसच्या पुरावस्तू द्वैवार्षिकीत त्यांचे दागिने प्रदर्शित झाले. 'लेजंड ऑफ द कलर ब्लॅक' हा खांद्यावर लावण्याचा ब्रूच २०१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात दाखल झाला. २०२१ मध्ये व्हेनिस येथे त्यांच्या टायटॅनियम शिल्पांचे 'टायटन्स' हे प्रदर्शन भरले.