दोन ओळी घुसल्या कुठून? गिटच्या जन्माची गोष्ट

नोव्हेंबर २००३. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कुणीतरी गुपचूप दोन ओळी घातल्या.

दिसायला अगदी साध्या. चुकीचे पर्याय दिलेत का, हे तपासणाऱ्या. पण 'वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का?' असं विचारायला जिथं बरोबरची दोन चिन्हं हवीत, तिथं एकच होतं. सी भाषेत दोन चिन्हं म्हणजे प्रश्न आणि एक चिन्ह म्हणजे हुकूम. 'शून्य आहे का?' याचं झालं 'शून्य कर'. आणि शून्य क्रमांक म्हणजे रूट, सगळ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला तो. ही खूण ज्याला ठाऊक, तो मशीनचा मालक.

मग पकडलं कसं? ओळ वाचून नाही. हिशोब जुळला नाही म्हणून.

कर्नलचा मूळ कोड तेव्हा बिटकीपर नावाच्या सिस्टीममध्ये होता. ज्यांना बिटकीपर नको होतं त्यांच्यासाठी त्याचीच एक प्रत सीव्हीएस या जुन्या सिस्टीममध्ये, वेगळ्या सर्व्हरवर ठेवलेली होती. घुसखोर शिरला तो या दुसऱ्या सर्व्हरमध्ये. दोन्ही प्रती ताडून बघताना एका फाइलमध्ये असा बदल दिसला, ज्याची मूळ दप्तरात नोंदच नव्हती. बिटकीपरच्या लॅरी मॅकव्हॉय यांनी ते जाहीर केलं. त्या ओळी अधिकृत कर्नलमध्ये कधी पोचल्याच नाहीत. कुणी घातल्या, ते मात्र कधीच समोर आलं नाही.

आता प्रश्न असा, की दोन प्रती होत्याच कशाला? इथं खरी गोष्ट सुरू होते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केलं १९९१ साली. पुढची दहाएक वर्षं त्यांनी कुठलीही व्हर्जन कंट्रोल सिस्टीम वापरली नाही. लोक ईमेलने बदल पाठवायचे, हे तपासून घालायचे. पसारा आवरेना, तेव्हा २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर घेतलं. चांगली सिस्टीम होती, पण खासगी कंपनीची. लिनक्सवाल्यांना फुकट, मात्र अट अशी की वापरणाऱ्याने तिच्या स्पर्धेतली दुसरी सिस्टीम बनवायची नाही. तेव्हाच अनेकांनी कुरकुर केली होती. कोड सगळ्यांचा, आणि दप्तर दुसऱ्याच्या कुलपात, हे कसं चालेल?

नाहीच चाललं. साम्बा या प्रकल्पाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरमधला इतिहास वाचता येईल असा प्रोग्राम लिहायला घेतला. कंपनीच्या मते हा अटींचा भंग. ट्रिजेल यांचं म्हणणं, मी बिटकीपर वापरलंच नाही, तर अट मला लागू कशी? एका परिषदेत त्यांनी सगळ्यांसमोर दाखवलं, की सर्व्हरला टेलनेटने जोडून 'हेल्प' टाइप केलं की तो स्वतःच सांगतो काय काय विचारता येतं! पण कंपनीने फुकट आवृत्ती बंद करायचं ठरवलं होतं. एप्रिल २००५.

एवढा मोठा प्रकल्प आणि दप्तर ठेवायला जागा नाही. टोरवाल्ड्स यांनी कर्नलचं काम बाजूला ठेवलं आणि ३ एप्रिलला नवी सिस्टीम लिहायला बसले. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. जूनमध्ये कर्नलची २.६.१२ आवृत्ती गिटमधून निघाली. जुलैमध्ये त्यांनी सगळा कारभार जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवला.

गिट नेमकं करतं काय? आपल्या तलाठ्याकडची फेरफार नोंदवही आठवा, गाव नमुना ६. सात-बारावर आज काय आहे ते दिसतं, पण ते तसं कशामुळे झालं ते फेरफारात. गिटमध्ये प्रत्येक 'कमिट' ही अशी एक फेरफार नोंद. फरक एवढाच, की नोंदीचा क्रमांक कुणी हाताने टाकत नाही. फाइलींचा मजकूर, नाव, वेळ आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक या सगळ्यांतून गणिताने चाळीस अक्षरी खूण निघते. मागची एक नोंद खोडली तर तिची खूण बदलते, आणि पुढच्या सगळ्यांची बदलते. लपवता येत नाही.

दुसरं म्हणजे 'गिट क्लोन'. ही कमांड दिली की एरवी पूर्ण इतिहास तुमच्या मशीनवर येतो. वही एका कपाटात नसून गावातल्या घराघरात. 'गिट लॉग' सांगतं काय काय झालं, 'गिट डिफ' सांगतं नेमकं काय बदललं, 'गिट ब्लेम' सांगतं ही ओळ शेवटी कुणी बदलली. आणि 'गिट रिव्हर्ट' चूक खोडत नाही, उलटी नोंद घालते. चूक आणि दुरुस्ती दोन्ही वहीत राहतात. नवीन शिकणाऱ्या पोरांना या कमांड पाठ करायला लावतात. त्या कशासाठी आल्या ते सांगितलं, तर पाठ कराव्या लागणार नाहीत.

पण वही चोख म्हणजे कारभार चोख, असं नाही. कमिटवर नाव कुणाचंही टाकता येतं, म्हणून डिजिटल सही लागते. आणि २०२४ चं एक्सझेड प्रकरण बघा. एका माणसाने दोनेक वर्षं इमानदारीने काम करून विश्वास कमावला आणि मग मागचं दार बसवलं. ते उघडणारा महत्त्वाचा तुकडा गिटच्या रिपॉझिटरीत नव्हताच, वाटायला तयार केलेल्या पॅकेजमध्ये होता. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, आणि त्याने ते सोडून दिलं नाही. २००३ सारखंच. वहीत एक, हातात दुसरं.

हे फक्त कोडपुरतं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डीसीची कौन्सिल आपले कायदे गिट रिपॉझिटरीत ठेवते. २०१८ मध्ये एका नागरिकाने त्यातली छपाईची चूक दुरुस्त करून पाठवली आणि ती स्वीकारली गेली. आपल्याकडे एखाद्या सरकारी संकेतस्थळावरची पीडीएफ बदलली, तर कालची कुठं बघायची? कुठला परिच्छेद गेला, कुठला आला, कुणाच्या सहीने? वेबसाइटवर फक्त 'आज' असतो.

मागणी फार मोठी नाही. जुनी प्रत ठेवा, बदल दाखवा, आणि सगळी वही ज्याला हवी त्याला उतरवून घेऊ द्या. बाकी प्रती ताडून बघायचं काम आपलं. ते काम कुणीतरी केलं, म्हणून त्या दोन ओळी सापडल्या.