वस्तऱ्याची धार

नगर जिल्ह्यातल्या (आता तो अहिल्यानगर झाला) जुन्या नाभिकांचे काम मी पुष्कळ पाहिले आहे. धोकटीतून निसणा निघे, तो भिजे, आणि त्यावर वस्तरा आडवा टेकवून धारेच्या अंगाने पुढे सरके. वस्तऱ्याची पाठ दगडाला टेकलेलीच हवी. तीच धारेचा कोन राखते. कातड्याच्या पट्ट्यावर मात्र सारे उलटे: पाठ पुढे, धार मागे. चुकले की पट्टाही चिरतो आणि धारही जाते. दगड कधीमधी, पट्टा मात्र दर हजामतीपूर्वी.

एवढ्या जपणुकीने राखलेली ही धार ब्राह्मण विधवांच्या मस्तकांवरही चाले, हे सणाच्या दिवशीसुद्धा सांगितले पाहिजे.

नगरला मिस फेरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात तशी शाळा काढली. त्यांचेच सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईचे नाभिक सभेस जमले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असे त्यांनी ठरविले. सुधारकांच्या कित्येक व्याख्यानांहून हा ठराव मला मोठा वाटतो. कारण तो पोटावर पाय देणारा होता. त्यातून मुंबईत निदान रोख पैसा मिळे. खेड्यातला नाभिक पडला बलुतेदार. खळ्यावरच्या धान्यावर त्याचे वर्ष निघायचे. वाड्यावरचे बोलावणे त्याने कोणत्या बळावर परतवावे? म्हणूनच त्या ठरावानंतरही कित्येक वर्षे लाल आलवणातल्या बायका माजघराच्या अंधारात दिसतच राहिल्या.