तुर्भ्याच्या डोंगरावरचे गवत

मे महिन्यात ट्रॉम्बेचा, म्हणजे आपल्या तुर्भ्याचा, डोंगर पाहिला तर त्यावर काही जिवंत असेल असे वाटत नाही. सुमारे ३०० मीटर उंचीचा हा डोंगर; त्यावर वाळलेले पिवळे गवत, एखादा उतार वणव्याने काळा पडलेला. मृगाच्या चार सरी पडल्या की आठवड्या-दोन आठवड्यांत सारे हिरवे. हे गवत आले कोठून? 'बी पडले होते, ते रुजले', असे उत्तर वर्गात मिळते. आम्हीही शाळेत हेच लिहिले होते आणि पूर्ण गुण मिळवले होते! उत्तर अर्धेच बरोबर आहे.

डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ राउंकियर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक साधा प्रश्न विचारला : प्रतिकूल ऋतूत वनस्पतीचे वाढीचे कोंब कोठे असतात? उंच फांदीवर, जमिनीलगत, जमिनीखाली, की केवळ बियांत? यावरून त्यांनी वनस्पतींचे गट पाडले. त्यांच्यापुढे उत्तरेचा हिवाळा होता, आपल्यापुढे कोरडे आठ महिने आहेत, हिशेब तोच.

कोकणपट्टीतल्या डोंगरांवरचे कुसळी गवत बहुवर्षायू आहे. त्याचे कोंब जमिनीलगत, जुन्या पात्यांच्या तळाशी झाकलेले असतात. वणवा वरून झपाट्याने निघून जातो, कोंब बहुधा वाचतात. शिवाय गवताचे पाते तळातून वाढते, म्हणून गुरांनी शेंडा खाल्ला तरी वाढ थांबत नाही. शेवळा आणि कळलावी कंदाच्या रूपाने जमिनीखाली दडतात. टाकळा व तेरडा मात्र पुरते मरतात. उरते ते बी. शाळेतले उत्तर खरे ठरते ते यांच्यापुरते.

मुंबई इलाख्यातल्या गवतांची शिस्तशीर नोंद केली ती सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी मकॅन यांनी. ब्लॅटर १९३४ साली वारले. दोघांचा ग्रंथ १९३५ साली निघाला.

कुसळीला बीही असते, आणि ते पायमोज्यात रुतल्याचा अनुभव बहुतेकांना असेल. बियाचे कुसळ ओल लागली की उलगडते, सुकले की पिळते आणि बी मातीत शिरते. दुसऱ्या एका गवताच्या कुसळाची अशीच करामत चार्ल्स डार्विनचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८७६ साली उलगडून दाखवली होती. पण मातीत शिरलेले बी लगेच रुजले तर? दिवाळीच्या अवकाळी सरीने फसून ते पुढे वाळून जाईल. म्हणून ताजे बी काही महिने सुप्त राहते.

शेतात ही सुप्तावस्था कधी हवी असते, कधी नको. याच डोंगराच्या पायथ्याशी १९५४ साली अणुशक्ती संशोधनाचे केंद्र उभे राहू लागले. तेथे क्ष-किरणांनी उत्परिवर्तन घडवून तयार केलेला भुईमुगाचा टीजी-१ हा वाण १९७३ साली शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. उपट्या भुईमुगाच्या अनेक वाणांत ताज्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते. काढणीच्या वेळी पाऊस लांबला तर शेंगा जमिनीतच मोडावतात आणि हाताशी आलेले पीक जाते. म्हणून पैदासकार थोडी सुप्तावस्था असलेले वाण शोधतात. थोडीच, कारण ती फार लांबली तर खरिपाचे बी उन्हाळी पेरणीला उगवत नाही, आणि मग त्याला इथ्रेलची प्रक्रिया करून जागे करावे लागते.