ठाणे जिल्ह्यातील राब पद्धती : शेत, गुरे आणि रान

पिके व पशुधन यांची सांगड घालणारी एकात्मिक शेती अल्पभूधारकांपुढे बहुधा नवी योजना म्हणून मांडली जाते. ठाणे जिल्ह्याचा कृषी इतिहास पाहता हे नावीन्य तपासून घेणे आवश्यक ठरते. नौपाड्याच्या आजच्या दाट वस्तीत 'पाडा' हा शब्दच काय तो जुन्या वस्तीची खूण सांगतो. परंतु ठाणे परिसरातील भातशेती एके काळी गुरांवाचून उभी राहत नसे.

भाताच्या रोपांसाठी येथे राब भाजीत. उन्हाळ्यात ठरावीक जागेवर शेण पसरावयाचे, त्यावर झाडांची टहाळे, मग गवत व पालापाचोळा आणि शेवटी बारीक मातीचा थर, अशी ही रचना. ती सावकाश जाळली जाई. पावसाच्या आरंभी त्या जागी बी पेरीत आणि तयार झालेली रोपे खाचरात लावीत. भाताचा पेंढा पुन्हा गुरांकडे जाई. शेण गोठ्यातले असले तरी टहाळे व गवत वरकस जमिनीतून आणि रानातून येत. म्हणजे ही शेती एकात्मिक होती, पण ती शेतकऱ्याच्या बांधाच्या आत कधीच मावणारी नव्हती.

१८७८ च्या वन कायद्यानंतर नेमका हाच बांधाबाहेरचा आधार आक्रसला. जंगलखात्याने गुरांची चराऊ राने बळकावल्याची तक्रार महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये केली आहे. ठाणे जिल्ह्यातील असंतोष वाढल्यावर सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. राबासाठी टहाळे तोडण्याचा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी होता. झाडांच्या नासाडीची सरकारी चिंता सर्वस्वी खोटी नव्हती. मात्र तिची किंमत ज्याच्याकडे स्वतःची वरकस नव्हती त्यानेच अधिक मोजली.

पुढे गवत ही मुंबईच्या बाजारपेठेची वस्तू झाली. १९४५ मध्ये उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी गोदावरी परुळेकर आदींच्या नेतृत्वाखाली संप केला, तो गवतकापणीच्या मजुरीसाठी. जे गवत गोठ्यात आणि राबात जावयाचे, ते कापणारा आता मजूर होता.

आजच्या एक हेक्टराच्या नमुना आराखड्यांत भात, गाय, कोंबड्या व शेततळे यांचा हिशेब बांधाच्या आतच जुळविला जातो. ज्याला चाऱ्यासाठी बांधाबाहेर जावे लागते त्याला तो कितपत लागू पडेल, हे त्या गावाच्या गुरचरणाची स्थिती पाहिल्याखेरीज ठरविता येत नाही.