घाटाखालचं मैदान, घाटावरचं मैदान

भायखळ्याचं जुनं मैदान सोडून मुंबईतल्या घोड्यांच्या शर्यती 1883 साली महालक्ष्मीला आल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेली जमीन दलदलीची होती. त्याच्या शंभर वर्षं आधी तर तिथे समुद्रच आत यायचा. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी शिरायचं आणि पार भायखळ्याकडे पसरायचं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात हे खिंडार बांध घालून बुजवलं, 1784 च्या सुमारास ते काम तडीस गेलं. बांध सारखा ढासळत होता, रामजी शिवजी या पाठारे प्रभूला देवीचा दृष्टान्त झाला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि मग बांध टिकला, ही आख्यायिका महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलेल्या बहुतेकांनी ऐकलेली असते.

रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची वाटचाल रायगडातल्या तळा गावी बसून लिहावीशी वाटली ती या जमिनीमुळे. मांदाडच्या खाडीकाठी ज्यांनी खारातली, म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेल्या जमिनीतली, शेती पाहिली आहे, त्यांना बांध म्हणजे काय, त्यातली पाणी सोडायची उघाडी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात बसतं आणि मग त्या जमिनीत पुन्हा भात धरायला पावसाळ्यामागून पावसाळे जातात. महालक्ष्मीचं रेसकोर्स ही मुळात अशीच एक खार. फरक इतकाच की तिथे भाताऐवजी गवत राखायचं होतं, आणि त्या गवतावरून साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने जाणार होतं.

क्लबविषयी बोलताना लोक डर्बीबद्दल बोलतात, महाराजांबद्दल, टोप्या घातलेल्या बायकांबद्दल, जॅकपॉटबद्दल. मला मात्र वाटतं की या संस्थेचा खरा इतिहास तिच्या जमिनीत आहे, आणि ती जमीन सांभाळणारा ट्रॅक मॅनेजर हा त्या इतिहासातला सर्वांत कमी लिहिला गेलेला माणूस आहे.

मुंबईत टर्फ क्लब स्थापन झाल्याचं साल 1802 दिलं जातं. भायखळ्याला तेव्हा अरबी घोडे धावायचे. इराणच्या आखातातून घोड्यांचा मोठा व्यापार मुंबई बंदरातून चालायचा, म्हणून या शहराला शर्यतीचा नाद लागणं साहजिकच होतं. वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब 1864 चा. महालक्ष्मीच्या मैदानासाठी मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सचा नमुना डोळ्यांपुढे ठेवला होता. पुढे 1912 साली रेसकोर्सना परवाने देण्याचा कायदा आला, आणि 1914 पासून महालक्ष्मीची जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर क्लबकडे राहिली. पाचव्या जॉर्ज बादशहाने 1935 मध्ये नावाआधी ‘रॉयल’ लावायची परवानगी दिली. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1943 साली, पहिली इंडियन डर्बी झाली. बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाची घोडी एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीने पहिली आणली. डर्बी तेव्हापासून 2400 मीटरची, चार वर्षांच्या, भारतात जन्मलेल्या घोड्यांची. फेब्रुवारीतला पहिला रविवार आजही तिच्यासाठी राखलेला असतो.

पण ही एकच संस्था दोन मैदानांवर का जगते, याचं उत्तर महाराजांकडे नाही, पावसाकडे आहे.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या रायगडात तर तीन हजारांच्या आसपास. अशा पावसात गवताच्या धावपट्टीवर शर्यत घेणं म्हणजे घोड्याचा आणि जॉकीचा जीव टांगणीला लावणं. घाट चढून पुण्याला गेलं की तोच पाऊस सातशे मिलिमीटरवर येतो. पुण्याच्या लष्कर भागातलं, एम्प्रेस गार्डनशेजारचं रेसकोर्स 1830 चं, लष्कराच्या जमिनीवरचं. तिथे पावसाळ्यात जमीन मऊ असते, पण चिखल होत नाही. म्हणून जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत शर्यती पुण्यात, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुंबईत. इंडियन सेंट लेजर ही 2800 मीटरची शर्यत पुण्याच्या हंगामातली, तर दोन्ही गिनीज, ओक्स आणि डर्बी या शर्यती मुंबईच्या. हंगाम पालटला की शेकडो घोडे, त्यांचे सईस, खोगिरं, दाण्याच्या गोण्या असा सगळा संसार ट्रकांत भरून बोरघाट उतरतो, आणि उन्हाळ्यात पुन्हा चढतो. धनगरांचे वाडे जसे ऋतू बघून घाट ओलांडतात, त्याच हिशेबाने ही श्रीमंतांची म्हणून ओळखली जाणारी संस्था चालते.

मॅनेजरचं वर्ष यामुळे उलटं असतं. ज्या महिन्यांत एका मैदानावर टाळ्या वाजत असतात, त्या महिन्यांत दुसऱ्या मैदानावर डागडुजी चालू असते. महालक्ष्मीला जून ते सप्टेंबर कोणी पाहुणा नसतो, पण तेच महिने निर्णायक. पाणी साचून राहिलं तर गवताची मुळं कुजतात. गटारं तुंबली आणि बाहेर भरती असली की आत आलेलं पाणी हलायला तयार होत नाही. मग ऑक्टोबरची हीट येते आणि त्याच जमिनीला, जी महिनाभरापूर्वी पाण्याखाली होती, पाणी द्यावं लागतं. गवताची उंची, त्याचा दाटपणा, खालच्या मातीचा घट्टपणा या तिन्ही गोष्टी नोव्हेंबरच्या पहिल्या शर्यतीआधी जमून याव्या लागतात. त्यातली एकही शेवटच्या आठवड्यात विकत आणता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी धावपट्टीवर पेनेट्रोमीटर घेऊन माणूस फिरतो. ठरलेलं वजन ठरलेल्या उंचीवरून सोडायचं, आणि त्याखालची सळई जमिनीत किती रुतते ते मोजायचं. आकडा मोठा आला तर जमीन मऊ, लहान आला तर कडक. हा आकडा शर्यतींआधी जाहीर होतो आणि ट्रेनर तो फार गांभीर्याने घेतात, कारण काही घोडे मऊ जमिनीवर खुलतात आणि काहींचे पाय कडक जमिनीवरच मोकळे चालतात. रात्री एक पाणी जास्त दिलं तर दुपारचा निकाल बदलू शकतो. मॅनेजरच्या हातात केवढी सत्ता असते आणि ती त्याने किती नि:पक्षपातीपणे वापरायची असते, हे या एका आकड्यावरून कळावं.

आतल्या कडेचं गवत सर्वांत आधी झिजतं. वळणावर प्रत्येक जॉकीला कमीत कमी अंतर हवं असतं, म्हणून सगळे आत घुसतात. त्यावर उपाय म्हणजे फॉल्स रेल. मूळ रेलिंगपासून काही मीटर बाहेर दुसरं तात्पुरतं रेलिंग उभारायचं आणि आतल्या पट्ट्याला आराम द्यायचा. हंगामभर हे रेलिंग आत-बाहेर सरकत राहतं. त्याने धावपट्टी अरुंद होते, म्हणून किती घोडे एकत्र सोडायचे याचाही हिशेब बदलतो. सकाळच्या सरावासाठी तर गवत मिळतच नाही, त्यासाठी वाळूचे वेगळे ट्रॅक आहेत. उजाडायच्या आत घोडे वाळूवर उतरतात, आणि पहिला जथा परतला की ट्रॅक्टरमागे दंताळं लावून ती वाळू पुन्हा सारखी केली जाते. कारण मागच्या घोड्याचा पाय पुढच्याच्या खुराने पाडलेल्या खड्ड्यात पडता कामा नये.

एक शर्यत संपली आणि दुसरी सुरू होणार, या मधल्या वेळात स्टँडमधला प्रेक्षक पैजेच्या खिडकीकडे पळतो. धावपट्टीवर तेव्हा माणसांची एक रांग उतरते. हातात काटे, बादलीत माती. खुरांनी गवतासकट उखडलेली ढेकळं उचलून जागच्या जागी बसवायची, पायाने दाबायची, पोकळी राहिली तर माती भरायची, पुढे सरकायचं. 2400 मीटरच्या शर्यतीनंतर हे काम मोठं असतं आणि वेळ तेवढाच. रांगेतला एखादा माणूस वाकून नुसता हात फिरवतो आणि इथे मऊ आहे, इथे नाही, हे सांगतो. पेनेट्रोमीटरही तेच सांगतो, पण तो ठरावीक ठिकाणीच टोचलेला असतो. हा माणूस सगळीकडे फिरलेला असतो. या माणसांवर या खेळाचा सगळा भरवसा आहे असं मी मनापासून मानतो.

भरवसा कशासाठी, हे 1979 साली सगळ्यांना कळलं होतं. विशीही न गाठलेला कार्ल उमरीगर, त्या काळातला उमदा जॉकी, महालक्ष्मीला घोड्यावरून पडला आणि वाचला नाही. घोडा पडतो त्याची कारणं अनेक असतात आणि त्यातली बहुतेक मॅनेजरच्या हाताबाहेरची असतात. म्हणूनच जी हाताबाहेरची नाहीत, त्यांत कसर ठेवून चालत नाही. शर्यतीच्या मागोमाग आतल्या रस्त्यावरून रुग्णवाहिका धावतात, एक माणसांसाठी, एक घोड्यांसाठी, त्या या हिशेबानेच. स्क्वाँडरर या घोड्याने 19 पैकी 18 शर्यती जिंकल्या, इल्युसिव्ह पिम्परनेलने 23 पैकी 22. हे आकडे अभिमानाने सांगितले जातात. ते पाय इतक्या शर्यती धड राहिले, यात जमिनीचाही वाटा आहे.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर शर्यतीचा नाद कमी नाही. अलिबाग, मुरूडकडच्या पुळणीवर बैलगाड्या आणि घोडागाड्या धावतात. तिथे धावपट्टी समुद्र तयार करतो. ओहोटी लागली की ओली, घट्ट, सपाट पुळण मिळते, आणि भरती आली की ती पुसली जाते. तारीख-वेळ ठरवताना भरती-ओहोटी बघितल्याशिवाय कोणाचं चालत नाही. बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांची तपासणी हे सगळं आलं. म्हणजे पुळणीलाही आता मॅनेजर लागणार. हे काम कुणीतरी नीट शिकून करावं असं वाटतं, आणि ते शिकायची जागा महालक्ष्मी आणि पुणे हीच आहे. माथेरानला ऑलिंपिया रेसकोर्स आहे, तेही आमच्याच जिल्ह्यातलं. पण डोंगरमाथ्यावरची ती लाल माती, तिची गोष्ट वेगळी.

टर्फ क्लबचं पोट मात्र पैजेवर चालतं, हे लपवण्यासारखं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, त्यामुळे हा व्यवसाय जुगाराच्या कायद्यातून सुटला. कराच्या तडाख्यातून मात्र सुटला नाही. जीएसटी 2017 मध्ये 28 टक्क्यांवर लागला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. जेवढा कर वाढतो तेवढी पैज बेकायदा बुकीकडे सरकते, हे या क्षेत्रातले सगळे सांगतात. बक्षिसाची रक्कम कमी झाली की ओरड होते, रोलरची दुरुस्ती पुढे ढकलली की ओरड होत नाही. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे शर्यती थांबल्या तेव्हा उत्पन्न शून्यावर आलं, पण घोडे खायचे थांबले नाहीत आणि गवत वाढायचं थांबलं नाही. सईस आणि माळी त्या काळातही कामावर होते.

या खेळाने महाराष्ट्राला काय दिलं असं विचारणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुण्यात पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म 1946 पासूनचा. तिथले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे आणि त्यांच्या रक्तापासून रक्तद्रव (सीरम) बनायचा. तो आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. पुढे जगभरच्या लहान मुलांना टोचल्या गेलेल्या लशींची ही सुरुवात पागेतली आहे.

महालक्ष्मीचा भाडेपट्टा 31 मे 2013 रोजी संपला. त्यानंतरची दहा-अकरा वर्षं क्लबने अधांतरी काढली. शहराच्या मध्यावर दोनशे एकरांवर मोकळी जमीन, आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळा. तिथे रेसकोर्स नसतं तर आज गवताऐवजी टॉवर असते, हे मान्य करायला हवं. सकाळ-संध्याकाळ तिथे फिरायला येणाऱ्या हजारो मुंबईकरांना हे कळतं. अखेर 2024 मध्ये तोडगा निघाला. 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेच्या मुंबई सेंट्रल पार्कसाठी, 91 एकर क्लबकडे, आणि त्या 91 एकरांचा पट्टा 2053 पर्यंत. कोस्टल रोडलगतची मोकळी जागा धरून हे उद्यान सुमारे तीनशे एकरांचं व्हायचं आहे.

मुंबईला उद्यान हवंच, आणि ही जमीन सर्वांची व्हावी हेही बरोबर. पण खारातला शेतकरी पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो, तो इथेही विचारायला हवा. आजवर मधली जागा आणि धावपट्टी एकाच संस्थेच्या हाताखाली होती. दोघांचा उतार, दोघांची गटारं, दोघांचा निचरा एका मॅनेजरच्या डोक्यात होता. आता मध्ये महापालिका आणि कडेने क्लब. उद्यानासाठी भराव टाकून मधली पातळी हातभर जरी वर आली, तर जुलैतलं पाणी धावपट्टीकडे वळेल आणि नोव्हेंबरचं गवत तिथेच बुडेल. उलट धावपट्टीचं पाणी आत लोटलं तर उद्यानाचं तळं होईल. पातळ्यांचा एकच नकाशा, निचऱ्याची एकच यंत्रणा आणि ती चालवायला दोन्ही बाजूंनी मान्य केलेला एकच माणूस, इतकं करारात नीट लिहिलेलं असावं. तबेल्यांची नवी बांधकामं होतील, भुयारी मार्ग येतील, त्या सगळ्यांचे आराखडे मंजूर करताना ट्रॅक मॅनेजरची सही लागावी. आणि ती सही घ्यायच्या आधी त्याला एक अख्खा पावसाळा ती जमीन बघू द्यावी.