ज्ञात फायलींचे दप्तर

वजने व मापे प्रमाणित करण्यासाठी अमेरिकेने 1901 मध्ये जी संस्था स्थापन केली आणि 1988 मध्ये जिचे राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्था असे नामांतर केले, तिच्या मेरीलँड राज्यातील गेथर्सबर्ग येथील आवारात एक विलक्षण ग्रंथालय आहे. विकत घेतलेल्या वा देणगीदाखल आलेल्या सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती कुलपात जतन कराव्यात, त्यांतील एकेक फाइल वेगळी काढून तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ओळखीचा अंक, नोंदवावा आणि ती फेरिस्त तपासयंत्रणांच्या हवाली करावी, हे या नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररीचे कार्य होय.

या उद्योगाची निकड विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उत्पन्न झाली. मुद्देमाल म्हणून जप्त झालेल्या हार्ड डिस्कवर हजारो फायली असत आणि त्यांतील बहुतेक, ज्या घरोघरच्या संगणकांवर अक्षरशः सारख्याच असतात, त्या विंडोजच्या वा वर्ड प्रोसेसरच्या असत. त्या एकेक उघडून पाहण्यात तपासनिसाचे आठवडे खर्ची पडत. अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक गुप्तवार्ता केंद्राने ‘हॅशकीपर’ नावाची यादी त्या काळी तयार केली होती. तथापि ज्या नोंदीच्या मुळाशी अस्सल प्रत दाखविता येते तीच न्यायालयात निर्वेध टिकते, म्हणून शतक पालटण्याच्या सुमारास हे काम मानकसंस्थेने अंगावर घेतले, आणि तिची फेरिस्त दर तिमाहीस सीडीवर निघू लागली.

या पद्धतीचे मर्म असे, की फाइल केवढीही असो, तिच्यावर ठरावीक गणिती प्रक्रिया केली असता निश्चित लांबीचा अंक निघतो, आणि मजकुरात एक अक्षर बदलले तरी तो समूळ पालटतो. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी रचलेल्या आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमडी5 या रीतीने हा अंक 128 बिटांचा येतो. ज्या फायलींचा हॅश फेरिस्तीतील नोंदीशी जुळतो त्या तपासातून बाजूला काढता येतात. फाइलीच्या नावाला येथे किंमत नाही: एखाद्याने आक्षेपार्ह छायाचित्रास विंडोजमधील फाइलीचे नाव दिले, तरी त्याचा हॅश फेरिस्तीत सापडत नाही आणि ते आपोआप तपासनिसासमोर येते.

पुढे या मापांचीच शहानिशा झाली. 2004 मध्ये श्याओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी5 चा एकच हॅश येणारे दोन भिन्न मजकूर सादर केले. 2017 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय व गूगल येथील संशोधकांनी एसएचए-1 या दुसऱ्या हॅश-रीतीचीही तीच गत करून दाखविली. अशी जोडी मुद्दाम घडविणे निराळे आणि आधीच नोंदलेल्या फाइलीच्या हॅशशी जुळणारी बनावट फाइल रचणे निराळे, आणि हे दुसरे कृत्य व्यवहारात अद्याप कोणास साधलेले नाही. शिवाय फेरिस्तीच्या प्रत्येक ओळीत एसएचए-1, एमडी5 व सीआरसी32 असे तीन अंक शेजारी असल्याने तिचे सारे ओझे एकाच मापावर नव्हते. कालांतराने तीत एसएचए-256 हेही दाखल झाले.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. या दप्तरातील नोंद फाइल ‘ज्ञात’ असल्याचा दाखला आहे, ती निर्दोष असल्याचा नव्हे. कारण संगणकात चोरवाटेने शिरण्याची आणि चित्रात मजकूर दडविण्याची साधनेही तेथे रीतसर नोंदलेली आहेत. दप्तर ओळख पटविते, निवाडा करीत नाही. ती जबाबदारी तपासनिसाची, आणि त्याने ती यादीवर ढकलू नये.